आधी दोरी बघा, मग बाथरोब घ्या

दुकानात बाथरोब हातात आला की बहुतेक जण त्यावरून हात फिरवतात. मऊ लागला की झाली पसंती. ही परीक्षा आपण हॉटेलात शिकलो आणि घरी ती हमखास फसते. हॉटेलचा झगा रोज लाँड्रीत जातो, मोठ्या ड्रायरच्या गरम हवेत फिरतो आणि फुलून परत येतो. आपला झगा जातो गॅलरीतल्या दोरीवर, दोन चादरी आणि शाळेचे युनिफॉर्म यांच्या मधल्या उरलेल्या जागेत. उद्याच्या आंघोळीपर्यंत तो वाळला नाही तर परवा कुबट वास मारतो, आणि महिन्याभरात कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर जाऊन बसतो. म्हणून इथे सगळ्या प्रकारांना दोनच प्रश्न विचारलेत: अंगावरचं पाणी नीट पितो का, आणि प्यायलेलं पाणी दुसऱ्या आंघोळीआधी सोडतो का.

त्यासाठी थोडं गणित. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. पूर्ण बाह्यांचा, गुडघ्याखाली जाणारा मध्यम मापाचा बाथरोब शिवायला साधारण तीन चौरस मीटर कापड लागतं. ४०० जीएसएमचं टर्किश घेतलं तर झगा १२०० ग्रॅमचा. धुऊन मशीनमध्ये पिळून काढल्यावरही त्यात पाऊण लिटरच्या आसपास पाणी उरतं. २२० जीएसएमचा वॉफल, म्हणजे खळग्यांच्या विणीचा पातळ झगा, साडेसहाशे ग्रॅमच्या आगेमागे भरतो आणि त्यात चारेकशे मिली उरतं. दोरीवरच्या वाऱ्याला एवढं पाणी उडवायचं असतं. मे महिन्यात सोलापुरात जाडजूड झगाही दुपारपर्यंत कडकडीत होतो. जुलैत रत्नागिरीला किंवा दादरच्या मागच्या गॅलरीत तोच झगा तिसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागतो, पण काखेत, कॉलरच्या घडीत आणि खिशाच्या शिवणीत ओलाच असतो. वास तिथूनच सुरू होतो.

ऑनलाइन जाहिरातीत ४५० जीएसएम लिहिलेलं असतं, त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पार्सल उघडल्यावर झगा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि आकड्याला तीनने भागा. वजन ९०० ग्रॅम भरलं तर कापड ३०० जीएसएमच्या घरातलं आहे, किंवा झगा तरी आखूड आहे. दोन्हींत पैसे जास्त गेलेत. (लहान आणि एक्स्ट्रा लार्ज मापांना हा भागाकार थोडा चुकतो, पण थाप पकडायला पुरतो.)

सोलापूरचा टर्किश

टेरीच्या कापडाला आपण टर्किश म्हणतो ते उगाच नाही. अंगभर लूप असलेलं हे कापड तुर्कस्तानातल्या बुर्साहून एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला गेलं, तिथे यंत्रमागावर चढलं आणि मग जगभर पसरलं. कापड सगळ्यांचं झालं, नाव तुर्कांचं राहिलं. आपल्याकडे त्याचं घर सोलापूर. सोलापुरी चादरीसारखंच तिथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. शहराचा पूर्व भाग आणि अक्कलकोट रोडची एमआयडीसी इथे ज्या मागांवर टॉवेल निघतात, त्याच कापडाचे बाथरोबही शिवले जातात.

हे कापड कसं होतं ते समजलं की खरेदीतले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. टेरीच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (रूळ) असतात. एकावरचे धागे ताठ ओढलेले, ती कापडाची जमीन. दुसऱ्यावरचे सैल, त्यांचे लूप व्हायचे असतात. आडवे दोन धागे पडले की फणी त्यांना पूर्ण ठोकत नाही, थोडं अलीकडेच सोडते. तिसरा पडला की तिन्ही एकदम पुढे ठोकले जातात, आणि त्या सरकण्यात सैल धागा वर उचलला जाऊन त्याचा लूप होतो. म्हणजे लूपला गाठ नसते. आडव्या धाग्यांच्या चिमटीत तो नुसता धरलेला असतो. बांगडीत किंवा अंगठीच्या खड्यात अडकून ओढला गेला, तर शेजारच्या लूपांचा धागा खाऊन तो वीतभर लांब होतो आणि मागे टक्कल पडतं. असा धागा ओढून तोडायचा नाही. कात्रीने बुडाशी कापायचा. विणलेलं टर्किश एका ठिकाणी कापल्याने उसवत जात नाही.

विकत घेताना कापड दोन अंगठ्यांनी फाकवून बघा. लूपांच्या मधून जमीन विरळ, जाळीसारखी दिसली तर लूप कितीही उंच असले तरी वर्षभरात झगा लोंबेल. जमीन घट्ट, लूप आखूड आणि दाट हे चांगलं लक्षण. सोलापुरी माल इथे बहुतेक वेळा पास होतो. पहिल्या दिवशी तो जरा खरखरीत लागतो, कारण त्याला मऊपणाचं रसायन फारसं चोपडलेलं नसतं. उलट दुकानातच लोण्यासारखा लागणारा झगा आढळला तर त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. चांगल्या सुती टर्किशमध्ये तो दोन-तीन सेकंदांत जिरतो. अळवाच्या पानावर बसावा तसा गोल बसून राहिला, तर वर सिलिकॉनचा थर आहे. दोन-तीन धुण्यांत तो उतरेल. तोवर अंग पुसलं जाणार नाही आणि उतरल्यावर खाली कसं कापड निघेल ते नशिबावर.

इजिप्शियन कॉटन या दोन शब्दांसाठी जादा पैसे मोजू नका. २०१६ साली अमेरिकेतल्या टार्गेट या बड्या दुकानसाखळीला इजिप्शियन म्हणून विकलेल्या चादरी दुसऱ्याच कापसाच्या निघाल्याचं कळलं आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाला वेळेवर कळलं नाही, तर गल्लीतल्या दुकानात आपल्याला कुठून कळणार? कापूस शुद्ध आहे की नाही एवढं मात्र घरी कळतं. आतल्या शिवणीतून सुटलेला एखादा धागा चिमट्यात धरून मोरीत पेटवा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि बोटांत चुरडणारी राख उरते. पॉलिएस्टर वितळून आक्रसतं आणि त्याचा कडक मणी होतो. लेबलवर ‘कॉटन रिच’ असेल तर मणी नक्की सापडतो.

मत: ३०० ते ३५० जीएसएमचा सोलापुरी टर्किश हा पुणे, नाशिक, मराठवाडा, विदर्भ इथल्या घरांसाठी सगळ्यात भरवशाचा बाथरोब. ४५०च्या वरचा ड्रायर असल्याशिवाय घेऊ नये. घाऊक बाजारात टर्किशचा भाव किलोवर बोलतात, आपणही तसाच विचार करावा. किमतीला वजनाने भागलं की दोन दुकानांतला फरक चटकन दिसतो. एक उणं सगळीकडे आढळतं: कापड उत्तम आणि शिलाई घाईची. त्याबद्दल पुढे.

वॉफल, म्हणजे पावसाळ्याचा झगा

मधमाशीच्या पोळ्यासारखे, पण चौकोनी खळगे असलेलं हे कापड. यात लूप नसतात. धागे कमीजास्त लांब तरंगत सोडून उंच कडा आणि खोल खळगे तयार करतात. अंगाला फक्त कडा टेकतात, खळग्यांत हवा खेळते, त्यामुळे वाळायला हे कापड टर्किशच्या निम्मा वेळही घेत नाही. पावसाळ्यात पंख्याखाली टांगलं तर रात्रीतून वाळतं. मुंबई, कोकण, गोवा इथे बारा महिने वापरायचा झगा म्हणजे हाच, त्यात फार वाद नाही.

पण हा कमी पितो. डोक्यावरून पाणी घेऊन तसंच निथळत अंगात घातला तर पाठ आणि कंबर भिजून कापड अंगाला चिकटतं. आधी पंचाने वरवर पुसायचं, मग झगा. पंचा आणि वॉफल या जोडीचं धुवायचं वजन मिळूनही एका टर्किश झग्यापेक्षा कमी भरतं.

त्याच्या खोडी तीन. पहिल्या धुण्यात तो आटतो. आठ-दहा टक्के आटणं अगदी नेहमीचं, म्हणजे ११० सेंटिमीटरचा झगा शंभरवर येतो. मागवताना एक माप मोठं मागवा, पहिलं धुणं थंड पाण्यात करा आणि ओला असतानाच लांबीत हलक्या हाताने ताणून वाळत घाला. दुसरी खोड म्हणजे तरंगते धागे कशातही अडकतात: मंगळसूत्राचा आकडा, पैंजण, मांजराची नखं. इथे अडकलेला धागा कापायचा नाही हे महत्त्वाचं, कारण तो जमिनीचाच धागा असतो आणि कापला की भोक पडतं. सुईने उलट्या बाजूला ओढून घ्यायचा. तिसरी: पांढरा वॉफल ओला झाला की आरपार दिसतो. बाथरूमचं दार थेट हॉलमध्ये उघडणाऱ्या घरांत, आणि वन बीएचकेमध्ये ते बहुधा तिथेच उघडतं, राखाडी, निळा किंवा मातकट रंगच घ्या.

वॉफलचा खरा उपयोग आंघोळीनंतरच्या पहिल्या पाऊण तासात कळतो. लग्नघरात साडी नेसायची आहे, केस बांधायचेत, चेहऱ्याचं सगळं उरकायचंय. मॅक्सी घातली तर ती शेवटी डोक्यावरून काढावी लागते आणि आंबाडा, गजरा, पावडर सगळं त्यात पुसलं जातं. पुढून उघडणारा झगा खांद्यावरून नुसता घसरवायचा. ब्लाउज आणि परकर आधीच घालून वर वॉफल चढवला तर उकडतही नाही. केसांना रंग किंवा मेंदी लावायच्या दिवशी मात्र हा नको. डाग खळग्यांत बसतो आणि ब्रशने घासायला गेलं की धागे निघतात. त्या कामाला जुना, गडद रंगाचा टर्किश.

बाकीचे

व्हेलूर म्हणजे बाहेरच्या बाजूचे लूप कापून मखमलीसारखं केलेलं टर्किश. फोटोत सगळ्यात देखणं. कापलेली बाजू पाणी कमी पिते, त्यामुळे लूप आतल्या बाजूला आहेत ना हे उलटून बघा. दोन्ही बाजूंनी मखमल असलेला झगा दिवाणखान्यात मिरवायला ठीक, अंग पुसायला निरुपयोगी. शिवाय पाठीवर आणि बसायच्या जागी मखमल लवकर दबून चकाकते.

कोरल फ्लीस नावाने जो भलता मऊ, हलका आणि स्वस्त झगा मिळतो तो शंभर टक्के पॉलिएस्टर असतो. तो पाणी पीत नाही, इकडून तिकडे फिरवतो. पुसल्यावरही अंग दमटच राहतं. थंडीत महाबळेश्वरला किंवा परदेशातल्या हिवाळ्यात, कोरड्या अंगावर, कपड्यांवरून घालायचा ऊबदार गाऊन म्हणून त्याला चांगले गुण देता येतील. बाथरोब म्हणून नाही. पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांच्या मिश्रणाचा, धागा चिरून बारीक केलेला खरा मायक्रोफायबर वेगळा. तो पाणी ओढतो आणि झटपट वाळतो. पोहायला जाणाऱ्यांच्या पिशवीत तो बरा, मात्र कोरड्या टाचांना आणि भेगांना तो असा काही चिकटतो की नकोसा होतो.

दुहेरी मलमल तान्ह्या बाळांसाठी आणि वयस्कांच्या नाजूक कातडीसाठी. ऊब नाही, पण घासलं जात नाही आणि दोन-तीन तासांत वाळतं.

गॅस आणि बाही

आंघोळ, मग लगेच चहा, हा आपल्याकडचा क्रम. बाथरोबची बाही रुंद आणि सैल असते आणि मागच्या शेगडीवरचं भांडं घेताना ती पुढच्या ज्योतीवरून जाते. केसाळ पृष्ठभागाचं कापड सपाट कापडापेक्षा लवकर पेट घेतं, कारण प्रत्येक तंतूभोवती हवा असते. २००९ साली अमेरिकेत शेनीलचे, म्हणजे केसाळ धाग्याच्या कापडाचे, दीड लाखाहून जास्त लांब झगे बाजारातून परत मागवावे लागले. ते अंगात घालून स्वयंपाक करताना पेट घेतल्याने माणसं दगावली होती. सुती झगा पेटतो, पॉलिएस्टरचा वितळून कातडीला चिकटतो. दोन्ही वाईट. ओट्याजवळ जायचं असेल तर बाही कोपरापर्यंत दुमडा, किंवा घेतानाच मनगटाच्या वर संपणाऱ्या पाऊण बाहीचा झगा घ्या. ती तोंड धुताना बेसिनमध्येही बुडत नाही.

माप

‘फ्री साइज’चे बरेच झगे युरोप-अमेरिकेच्या उंचीवर बेतलेले असतात. तिथला १२० ते १२५ सेंटिमीटर लांबीचा झगा सव्वापाच फुटी माणसाच्या पोटरीच्याही खाली जातो आणि मोरीच्या ओल्या फरशीचं पाणी वर ओढतो. पाच फूट दोन इंच उंचीला खांद्यापासून १०० ते १०५ सेंटिमीटर लांबी पुरते. ती गुडघ्याच्या पाच-सहा इंच खाली येते. पाच फूट आठ इंचांना ११० ते ११५. सुती झग्याला आटण्यासाठी वर पाच-सात सेंटिमीटर धरा.

लांबीपेक्षा घेर जास्त फसवतो. उभं राहून आरशात सगळेच झगे छान दिसतात. दुकानात खुर्चीवर बसून बघा. बसल्यावर पुढचे दोन पदर मांडीवर किमान वीतभर एकमेकांवर राहिले पाहिजेत. ते उघडत असतील तर पट्टा कितीही आवळून उपयोग नाही. आतल्या बाजूला, कमरेच्या शिवणीत, एक बारीक नाडी असते. चांगल्या झग्याची ती ठळक खूण, कारण आतला पदर ती धरून ठेवते. नसेल तर घरी लावून घ्या, फितीचे दोन तुकडे आणि दहा मिनिटं पुरतात. ती कुठल्या बाजूला आहे त्यावर कोणता पदर वर येणार ते ठरतं. जपान्यांच्या युकातामध्ये, म्हणजे मुळात आंघोळीनंतरच्याच सुती झग्यात, डावा पदर नेहमी वर घेतात. उजवा वर घेतात तो फक्त मृतदेहाला. जपानी सरायांत उतरलात तर हे लक्षात असू द्या, यजमान हसून दुरुस्त करतील. आपल्याकडे असा काही दंडक नाही.

कॉलर शालीसारखी की टोपीची? टोपी केस ओले असताना चांगली वाटते, पण तिचं कापड दुपटीचं असतं आणि सगळ्यात शेवटी तीच वाळते. मुलांना टोपी हवी, मोठ्यांना नको. मुलांच्या टोपीला किंवा गळ्याला नाडी अजिबात असू नये. झोपाळ्यात, घसरगुंडीत, दाराच्या कडीत अडकून गळ्याला फास बसतो.

शिलाई कुठे सुटते

झगा फाटतो तो कापडात नाही. पहिल्यांदा सुटतात पट्ट्याचे लूप, मग खिशाचे कोपरे, मग मानेमागची टांगायची फीत. तिन्हींचं कारण एक: ओलं वजन. सव्वा किलोचा झगा भिजला की दोन किलोवर जातो आणि तो सगळा भार खुंटीला अडकवलेल्या अर्ध्या इंचाच्या फितीवर येतो. ती एकाच टाक्यात, नुसत्या लूपांवर शिवलेली असेल तर महिनाभरही टिकत नाही. घेताना आत बघा: फीत कॉलरच्या शिवणीत आतून धरलेली आहे का, खिशाच्या कोपऱ्यांवर दाट आडवे टाके मारलेत का, आतल्या शिवणी पट्टीने झाकल्यात का. नुसतं ओव्हरलॉक केलेल्या शिवणी काखेत टोचतात आणि त्यांतून वर्षभर पांढरी कुसळं गळत राहतात.

नेहमीच्या शिंप्याकडून पट्ट्याचे लूप आणि खिशांचे कोपरे नव्यानेच पक्के करून घ्या. किरकोळ काम आहे, झग्याचं आयुष्य दुप्पट होतं. पूर्ण झगाच शिवून घ्यायचा बेत असेल तर ७५ बाय १५० सेंटिमीटरचे तीन सोलापुरी टॉवेल मोठ्या माणसाला पुरतात. टॉवेलची किनार खालच्या घेराला आणि बाहीच्या टोकाला येईल अशी कापणी केली की दुमड शिवावी लागत नाही आणि जाडीही वाचते. मात्र कापण्याआधी तिन्ही टॉवेल दोनदा धुऊन आटवून घ्या, नाहीतर शिवलेला झगा वेडावाकडा होतो. शिंप्याला १६ नंबरची सुई आणि लांब टाका घ्यायला सांगा. बारीक टाका लूपांत बुडतो, कापड गोळा होतं आणि उसवायची वेळ आली तर धागा सापडत नाही. कापल्याबरोबर कडा ओव्हरलॉक झाल्या पाहिजेत, कारण कापलेल्या कडेचे लूप लगेच गळायला लागतात.

धुणं

नवा झगा न धुता वापरू नका आणि पहिली दोन धुणी वेगळी करा. कुसळं काळ्या पँटवर बसली तर आठवडाभर वेचत बसाल. रंग पक्का व्हावा म्हणून मिठाच्या पाण्यात भिजवायची जुनी सवय सोडून द्या. रंग पक्का व्हायचा तो रंगाईतच होतो. घरच्या मिठाने सुटणारा रंग थांबत नाही.

साडेसहा किलोच्या मशीनमध्ये एकटा झगा टाकला तर पिळताना सगळं वजन एका बाजूला जातं, मशीन थडथडतं आणि पिळणं अर्ध्यावर सोडून देतं. बरोबर दोन टॉवेल टाका. पट्टा काढून वेगळा टाका किंवा त्याच्या लूपांत सैल गाठ मारा, नाहीतर तो सगळ्यांना वेटोळं घालून बसतो. पावडर नेहमीच्या निम्मी. जास्त झालेला साबण लूपांच्या बुडाशी राहतो आणि मग झगा धुतलेला असूनही चिकट लागतो.

सुगंधी सॉफ्टनर बंद. तो प्रत्येक तंतूवर स्निग्ध थर चढवतो. हाताला मऊ, पाण्याला बंद. बोअरच्या जड पाण्याने झगा पापडासारखा कडक होत असेल तर शेवटच्या पाण्यात अर्धा कप पांढरा व्हिनेगर घाला, क्षार सुटतात. व्हिनेगर आणि ब्लीच मात्र कधीही एकत्र नको, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. कडकपणाचं आणखी एक कारण वाळवण्यातच आहे. वारा नसलेल्या जागी निश्चल वाळलेल्या कापसाचे तंतू उरल्यासुरल्या पाण्याने एकमेकांना धरून बसतात. दोरीवर घालण्याआधी दहा-बारा वेळा सपकन झटका, वाळल्यावर पुन्हा झटका. लूप उभे राहतात. इस्त्री करू नका, त्यांना पुन्हा आडवं केल्यासारखं होतं.

वाळत घालताना खुंटीवर नको, दोरीवरही मधोमध दुमडून नको. बांबू किंवा जाड दांडा दोन्ही बाह्यांतून आरपार घाला, म्हणजे काखा मोकळ्या राहतात. पट्टा वेगळा, खिसे बाहेर उलटलेले. पावसाळ्यात एवढ्यानेच अर्ध्या दिवसाचा फरक पडतो.

दिवाळीत अभ्यंगस्नानानंतर नवा पांढरा झगा अंगात घालायचा मोह टाळा. उटण्यातली हळद साबण लागला की लाल होते आणि लोक घाबरून ब्लीच ओततात. गरज नाही. साबण धुऊन काढा आणि झगा दोन दिवस कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हाने उडतो. तिळाच्या तेलाचं तसं नाही. ते लूपांत मुरतं आणि पंधरा दिवसांनी खवट वास सुटतो. मानेवर आणि बाह्यांवर भांड्यांचा लिक्विड साबण चोळून पंधरा मिनिटं ठेवा, मग कोमट पाण्यात धुवा. परदेशात ड्रायर वापरणाऱ्यांनी एक काळजी घ्यायलाच हवी. तेल पूर्ण न निघालेला झगा ड्रायरमधून गरम काढून तसाच घडी घालून ठेवू नका. वनस्पती तेल हवेशी संयोग पावताना स्वतः उष्णता सोडतं आणि ती घडीत कोंडते. मालिश केंद्रांच्या टॉवेलांचे ढीग अशाच कारणाने आपोआप पेटतात.

आजारी आणि वयस्क माणसांसाठी

बाथरोबची सगळ्यात जास्त गरज असते ती इथे, आणि त्याचा विचार सगळ्यात कमी होतो. खांद्याचं ऑपरेशन झालेलं असेल, हाताला प्लास्टर असेल तर डोक्यावरून घालायचे कपडे बाद होतात. झगा घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. बाळंतिणीला पुढून उघडणारा झगा सोयीचा. आजी-आजोबांना आंघोळीनंतर उभ्याने पाठ पुसायला लावणं म्हणजे पडायला आमंत्रण. मोरीबाहेर खुर्चीवर आधीच झगा उघडून पसरा, त्यांना त्यावर बसवा, बाह्या घाला आणि पाच मिनिटं तसंच बसू द्या. पाठ, कंबर, मांड्यांची मागची बाजू चोळल्याशिवाय कोरडी होते. पायांची बोटं तेवढी वेगळी पुसा.

त्यांच्या झग्याचा पट्टा लोंबता ठेवू नका, पायात येतो. मागच्या बाजूला चार-पाच इंच शिवून टाका आणि पुढची टोकं गाठीनंतर चार बोटं उरतील इतकी कापा. हात थरथरत असतील तर पट्टा काढून दोन टिचबटणं लावा. लांबी गुडघ्याच्या थोडी खालीच हवी. घोट्यापर्यंतचा झगा बसून उठताना टाचेखाली येतो. इथे ३०० जीएसएमचा टर्किशच घ्या. वॉफल ऊब देत नाही आणि जाड झग्याचं ओलं वजन त्यांच्या खांद्यांना झेपत नाही. रोज लागणार असेल तर दोन घ्या, महाग एकापेक्षा मध्यम दोन.

चार-पाच वर्षं रोज वापरलेला झगा कोपरांवर आणि बसायच्या जागी विरळ होतो, पण पाठीचं कापड शाबूत असतं. तेवढा चौकोन कापून कडा शिवल्या की मोरीपुढचं पायपुसणं होतं, पुढच्या दोन पदरांची हातपुसणी. बाह्या उसवून फरशी पुसायला. पट्टा मात्र टाकू नका, कारण पुढच्या झग्याचा पट्टा पहिल्या सहा महिन्यांत हरवतोच.